हळ्ळकाठची चूलवाली

पूर ओसरल्यावर मदत मंडळानं गुळगुळीत कागदावर अहवाल छापला. देणगीदारांचे फोटो, त्यांच्या फेट्यांचे फोटो, धान्याच्या पोत्यांचे फोटो. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य: 'हळ्ळकाठच्या पूरग्रस्तांमध्ये अज्ञानामुळे काही काळ गोंधळ माजला.' ते वाचलं आणि माझं टाळकं सणकलं. गोंधळ म्हणे! त्या गोंधळाला नाव आहे, गाव आहे, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं आहे आणि जिभेला हाड नाही. चाँदबी पिंजारी. मंडळानं तिचं नाव छापलं नाही, म्हणून मी लिहितो.

आधी हळ्ळकाठ सांगतो, कारण कोल्हापुरातल्या शिकल्यासवरल्यांनासुद्धा तो कुठं आहे ठाऊक नाही. शिरोळच्या पलीकडं नदी पसरट होते, तिथला हा सगळा पाणथळ मुलूख. हळ्ळ म्हणजे कानडीत ओढा, काठ आपलाच. आठ महिने लव्हाळा, चिखल आणि बगळे. उरलेले चार महिने नुसतं पाणी. सारा बसवावा अशी जमीन नव्हे, म्हणून संस्थानच्या काळात तिकडं कुणी फिरकलं नाही. संस्थान विलीन झालं, मुंबई सरकार आलं, तेही फिरकलं नाही. ज्यांना दुसरीकडं कुणी उभं करत नव्हतं ती माणसं तिथं जमली. भोई आले मासे धरायला. अंबिगेर आले कानडी मुलखातनं नावा घेऊन. पिंजारी कापूस पिंजत गावोगाव फिरायचे. गिरण्यांनी त्यांचा धंदा खाल्ला, तशी त्यांनी पिंजायची धनुकली आढ्याला टांगली आणि लव्हाळ्याच्या चटया विणायला बसले. महारांची घरं बांधावर. बांध फुटला तर पहिली बुडणार ती त्यांची, म्हणून राखणही त्यांच्याचकडं.

पिढ्या गेल्या आणि सगळं एकमेकांत मुरलं. भोयांच्या पोरांची नावं फकीरा आणि मदार, कारण नवस बोललेला असतो पिराला. पिंजाऱ्यांच्या बायका हिरवा चुडा भरतात आणि नावेला हळद लावल्याबिगर पाण्यात पाय घालत नाहीत. मासे मोजायचे कानडीत, भांडायचं मराठीत, आणि पोराला झोपवायचं ते दखनीत, घर कुणाचंही असो. धाकट्या भावाला सगळेच तम्मा म्हणतात, थोरल्या बहिणीला अक्का, म्हातारीला अव्वा. एका शहाण्या शेटजींनी माझ्यादेखत ह्याला भेसळ म्हटलं. मी म्हणालो, भेसळ तुमच्या गोडेतेलात असते शेटजी, ही माणसं आहेत.

आता हळ्ळकाठ म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. तेवढा भाबडा मी नाही. बांधावरच्या माणसांना तिथंही अंग चोरूनच बसावं लागायचं. ते कसं, हे कळायला चुलीची रीत सांगायला पाहिजे.

पुराचं पाणी चढायला लागलं की हळ्ळकाठात प्रत्येक घर आपली चूल विझवतं. सगळ्यांचा मिळून एकच विस्तव राहतो. एक बाई तो गाडग्यात राखेखाली घालते, मांडीवर घेऊन नावेत बसते, आणि सगळे उंचावरच्या टेकावर जातात. तिथं एकच चूल पेटते आणि पूर उतरेपर्यंत सगळे तिच्यावरचं खातात. पाणी गेलं की त्याच चुलीतला निखारा घेऊन घरोघरी परत विस्तव करायचा. काड्याच्या पेट्या आल्या तरी ही रीत राहिली. त्या बाईला म्हणायचं चूलवाली. म्हातारी झाली की तिनं चूल दुसरीला द्यायची, पण आपल्या घरात नाही आणि आपल्या जातीतही नाही. नव्या बाईनं स्वतःच्या फुंकरीनं विस्तव फुलवायचा, पहिली भाकरी थापायची, आणि टेकावरच्या प्रत्येकानं त्या पहिल्या जेवणातला घास खायचा. जो खाणार नाही त्याच्या घरात त्या साली विस्तव जायचा नाही. चाँदबीला चूल दिली होती धोंडुबाई भोइणीनं, आणि तिला कुणा अंबिगेरणीनं. भोई, पिंजारी, अंबिगेर असं फिरत राहायचं. बांधावर चूल कधी गेली नव्हती. का गेली नव्हती हे कुणी विचारलंही नव्हतं.

विचारलं चाँदबीनं. आधीच्या एका पुरात आकाराम भोयाची नाव भोवऱ्यात कलंडली. चाँदबी त्याच नावेत होती. ती पाण्यात गेली आणि गाडगं हातातनं सुटलं. ते झेललं चिमणाबाईनं. ही चिमणाबाई बांधावरची, महाराची, नवरा मुंबईला गोदीत गेला तो परत आलाच नाही. छातीइतक्या पाण्यात गाडगं डोक्यावर आणि आकारामचं पोर खांद्यावर घेऊन ती उभी राहिली, दुसरी नाव येईपर्यंत. विस्तव वाचला. टेकावर चूल पेटली, सगळे जेवले. आणि चिमणाबाई? ती कडेला दगडावर बसली आणि तिची भाकरी तिच्या पदरात वरनं टाकली. चाँदबी मला नंतर सांगायची, "तम्मा, त्या दिसापास्नं माजा घास उतरंना झाला. विस्तव तिच्या हातचा चालतोय आनि भाकर चालत न्हाय? आसली कसली रीत?"

मग तिचा डोळा गेला, हात थरथरायला लागले. बेंदराच्या दिवशी बैलांची मिरवणूक चाललेली, सगळा गाव गोळा, आणि ही मध्ये उभी राहून म्हणाली, "औंदा चूल चिमणाबाईला." वाजंत्री थांबली. कुणी खाकरलं, कुणी थुंकलं. पण चूल कुणाला द्यायची हे चूलवालीच्याच हातात, त्यामुळं तोंडावर कुणी बोललं नाही. पाणी येईल तेव्हा बघू, असं म्हणून सगळे घरी गेले.

पाणी आलं त्रेपन्नच्या श्रावणात, आणि असं आलं की टेकच बुडालं. नावा सडकेला लागल्या आणि तिथनं मंडळाच्या ट्रकांनी माणसं जयसिंगपूरच्या एका धर्मशाळेत आणून टाकली. मी कोल्हापुरातनं शाहूपुरीतल्या चार हमालांना घेऊन पोती उतरवायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मंडळाचे चिटणीस होते नृसिंहराव वकील. पांढरंशुभ्र धोतर चिखलाला लागू नये म्हणून पोटऱ्यांपर्यंत उचललेलं. माणूस दुष्ट नव्हता, आणि हेच जास्त चीड आणणारं. दुष्ट असता तर एक ठेवून देता आली असती. ते खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, अन्न सगळ्यांना मिळेल. घाई करू नका. फक्त आपापल्या माणसांत ओळी करून उभे राहा."

लोक हलले. बघता बघता ओळी लागल्यासुद्धा. वकील खूश झाले, खाली उतरले आणि जवळ गेले. पहिल्या ओळीत पुढं एक भोई, त्याच्या मागं पिंजारी, त्याच्या मागं कडेवर पोर घेतलेली महारीण, आणि शेवटी एक म्हातारा अंबिगेर, हातात शेळीची दोरी.

"तुम्ही कोण, आजोबा?" वकिलांनी म्हाताऱ्याला विचारलं.

"म्या आकारामच्या नावंतला."

"तसं नाही. समाज कोणता तुमचा?"

"ह्यो बगा की समदा. आनि ही शेळी."

"अहो, आपली माणसं म्हणजे... तुमची माणसं कुठली?"

"हीच." म्हातारा वैतागला. "बुडलो आसतो तर ह्यांच्यासंगंच बुडलो आसतो न्हवं? मग?"

पुरात आपली माणसं म्हणजे एका नावेतली, हे त्या माणसाला इतकं उघड होतं की वकिलांना काय कळत नाही तेच त्याला कळेना. मी मागनं ओरडलो, "वकीलसाहेब, शेळीला कुठल्या ओळीत घालताय?" हमाल खदाखदा हसले. वकील हसले नाहीत. त्यांनी हातानं दाखवायला सुरुवात केली. भोई आणि अंबिगेर पुढच्या पडवीत. पिंजारी बाजूच्या गोठ्यात. आणि बांधावरचे, "तिकडं, गटारीच्या पलीकडं. त्यांचीही सोय केलेली आहे." सोय! छप्पर नसलेली सोय.

गोठ्यासाठी वेगळी देग घेऊन लालासाब आले होते. तंबाखूचे व्यापारी, अत्तर लावलेले, मंडळाचे सभासद. ते चाँदबीजवळ येऊन म्हणाले, "आपा, तुम अपनी कौमके सात बैठो. गोश्त है, हलाल है."

चाँदबीनं त्यांना खालपासनं वरपर्यंत बघून घेतलं. "लालासाबभाई, तुमच्या गाद्या माज्या बापानं पिंजल्या. तुमच्या पायरीवर त्याला कदी बसू दिलं न्हाई. पिंजारी म्हंजे हलका म्हनायचा तुमी. आज देग चढली तवा आमी कौम झालो व्हय?"

लालासाबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि ते देगीकडं वळले.

चाँदबीनं गाडगं अंगणात ठेवलं, तीन विटा मांडल्या आणि हाक मारली, "चिमणाबाई, ये गं म्होरं."

नृसिंहराव धावत आले. "आवारात चूल पेटवायची नाही. आत स्वयंपाकघर आहे, आचारी आहेत."

"आचाऱ्याची चूल आचाऱ्याला. ही आमची हाय."

"पण रांधणार कोण? तुम्ही?"

"मी न्हाय. ही."

वकिलांनी चिमणाबाईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. अशी माणसं घाण बोलायची वेळ आली की आवाज खाली आणतात. "हे बघा बाई, मला व्यक्तिशः काही नाही. मी सुधारक विचारांचाच आहे. पण देणगीदार काय म्हणतील? उद्याचं धान्य थांबेल. ह्या लेकरांचा तरी विचार करा."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "घटना वाचलीय का वकीलसाहेब? का फक्त पक्षकारांची कुळं वाचता? शिवाशिव गुन्हा आहे आता."

"कायदा मला शिकवू नका. हा पोटाचा प्रश्न आहे."

"पोटाचा न्हाय," चाँदबी म्हणाली. "पोट आमचं हाय, आमी बगू. तुमी तुमच्या तोंडाचं बगा." तिनं गाडगं उचललं आणि ती फाटकाकडं चालू लागली. एक डोळा गेलेला, हात कापताहेत, राख लुगड्यावर सांडतेय, आणि बाई मागं वळून बघत नाही, कोण येतंय कोण नाही.

बरेच उठले. सगळे नाही. आतनं आमटीच्या फोडणीचा वास यायला लागला होता, पोरं सकाळपासनं उपाशी. आकाराम भोई पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला. बायको आणि तीन पोरं त्याच्या मागं. चाँदबी फाटकात थांबली.

"आकाराम, यायलास न्हवं?"

"अव्वा, पोरं..."

"पोरं माजी न्हाईत व्हय? टेकावर न्यायचं पीठ हाय की आमच्यासंगं. भाकरी हुत्यात की."

आकारामनं मान खाली घातली. "हितं माजी भावकी हाय, अव्वा. समदी बगत्यात. तिच्या हातचं खाल्लं म्हनून कळलं तर पोरीचं जमलेलं लगीन मोडंल. तुमचं काय, तुमी मोकळ्या."

"तुज्याच नावंतलं गाडगं तिनं डोस्क्यावर धरलंतं, मुडद्या! तुजंच प्वार तिच्या खांद्यावर बसलंतं!"

तो आत गेला. त्याच्या मागनं आणखी चार घरं आत गेली. मी त्याला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही, पण ती मी अजून मागं घेतलेली नाही.

धर्मशाळेसमोर गाडीतळ होता. बैलगाड्या सोडायची जागा, वर पत्रा, खाली शेण आणि कडबा. गाडीवानांनी दोन गाड्या बाजूला ओढल्या आणि जागा करून दिली. कुणी जात विचारली नाही. एका गाडीवानानं विचारलं ते एवढंच, "जाळायला काय हाय का?" आमच्याकडं काही नव्हतं. गोवऱ्या भिजून लगदा झालेल्या. त्यानं चाकाच्या वंगणानं माखलेली चिंधी दिली.

चिमणाबाई चुलीसमोर बसेना. पदर तोंडावर धरून उभीच. "अव्वा, नगं. माज्यापायी पाच घरं फुटली. तुमीच करा ह्या साली. पुढच्या साली बगू."

तेव्हा चाँदबीचा जो राग उसळला, तो वकिलावर उसळला नव्हता, लालासाबावर नव्हता. "तुज्यापायी? तू कोन लागून गेलीस गं एवढी? घरं फुटली ती त्यांच्या भ्यापायी! पुढच्या साली मी आसंन का न्हाय अल्लाला ठावं. बस खाली. फुक."

चिमणाबाई बसली. राख बाजूला सारली, चिंधी लावली, फुंकर मारली. धूर असा निघाला की गाडीतळातले बैल नाकं फेंदारायला लागले. खोकली, डोळे पुसले, परत फुंकली. जाळ धरला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आरोळी ठोकली नाही. नुसते सगळे जरा जवळ सरकले. ओल्या पिठाची भाकरी, एका बाजूला जाड, मध्ये करपलेली. पहिला तुकडा चाँदबीनं मोडला, तोंडात घातला आणि ओरडली, "मीठ कुटं हाय गं?" मग मात्र सगळे हसले. भोयांनी खाल्ली, अंबिगेरांनी खाल्ली, पिंजाऱ्यांनी खाल्ली. शेळीवाल्या म्हाताऱ्यानं दोनदा मागून घेतली. मी आणि हमालांनीही खाल्ली. मीठ खरंच नव्हतं.

फाटकातनं नृसिंहराव बघत होते. संध्याकाळी ते एक पोतं ज्वारी घेऊन आले, रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "हे माझं स्वतःचं, मंडळाचं नव्हे." चाँदबीनं पोतं ठेवून घेतलं आणि विचारलं, "आनि भाकर खाल का?" त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना काम होतं.

पाणी उतरायला लागलं आणि हळ्ळकाठ परत निघाला. मी त्यांच्यासोबत गेलो, पडक्या भिंती उभ्या करायला माणसं पाहिजे होती. टेकाच्या पायथ्याशी चूल मांडली आणि निखारे द्यायची वेळ झाली. एकेक घर खापराचा तुकडा घेऊन येत होतं. चिमणाबाई चिमट्यानं निखारा उचलून खापरावर ठेवायची. आत गेलेली पाच घरं लांब नावांपाशी उभी. आकारामची बायको खाली बघत पोराच्या डोक्यावरचा वाळका चिखल खरवडत होती.

"त्यांच्या घरात विस्तव जायाचा न्हाय," चाँदबी मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रीत हाय ती. पडवीत जेवलाय न्हवं? त्या पडवीतनंच विस्तव आना म्हनावं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात तेच होतं.

चिमणाबाई उठली. एका हातात निखाऱ्याचं खापर, दुसऱ्या हातात त्या सकाळची भाकरी. ती आकारामकडं चालायला लागली.

"ए! कुटं चाललीस?" चाँदबीनं विचारलं. "थांब!"

चिमणाबाई थांबली, पण वळली नाही. "अव्वा, चूल तुमी मला दिली का न्हाय?"

"दिली."

"समद्यांच्या म्होरं दिली?"

"दिली की. म्हनून काय..."

"मग आता गप बसा तुमी."

चाँदबीला असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

चिमणाबाई आकारामसमोर उभी राहिली. त्यानं घाईघाईनं हात पुढं केले, खापर घ्यायला. तिनं खापर मागं घेतलं.

"आदी खा."

"चिमणाबाय..."

"समद्यांच्या म्होरं खा. पडवीत समद्यांच्या म्होरंच गेलातास की. लेकरास्नी बी दे, बायकुला बी दे. मग विस्तव."

तिनं भाकरी वरनं टाकली नाही. मोडली आणि तुकडा त्याच्या तोंडापाशी धरला. हातानं. लगीन, भावकी, सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याच्या बायकोनंच आधी तोंड पुढं केलं आणि घास घेतला. मग पोरांनी. मग त्यानं. चावत नव्हता, नुसता गिळत होता. चिमणाबाई बघत राहिली, तोंड रिकामं होईपर्यंत, आणि मग खापर त्याच्या हातात दिलं. बाकीच्या चार घरांतली तीन खाऊन विस्तव घेऊन गेली. एका घरानं खाल्लं नाही. ते त्याच आठवड्यात हळ्ळकाठ सोडून गेलं. जाऊ दे.

मला हे पटलं नाही. मी चाँदबीला म्हणालो, "मी असतो तर निखारा पाण्यात फेकला असता, पण त्या आकारामला दिला नसता."

"म्हनून तुज्याकडं चूल न्हाय," ती फणकारली. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. एका डोळ्यानं ती चिमणाबाईकडं बघत होती, आणि रागानं तिचा खालचा ओठ पुढं आला होता. आपण दिलेली वस्तू खरंच दुसऱ्याची झाली, हे सोसणं तिला जड जात होतं. मग ती काठी टेकत चुलीपाशी गेली आणि आपलं खापर पुढं केलं.

चिमणाबाईनं एक निखारा ठेवला.

"एवढासाच?"

"घरात मान्सं किती, अव्वा?"

"मी आनि नात."

"मग बास झाला की."

चाँदबी खापर घेऊन निघाली. चिखलातनं घरापर्यंत ती चिमणाबाईला, मला, आकारामला, वकिलाला आणि त्याच्या सगळ्या देणगीदारांना दखनीत शिव्या घालत गेली, आणि मध्येच थांबून निखाऱ्यावर फुंकर मारत होती.